तुरुंगाच्या दारात आधी कोण पोहोचते?

आमच्या मोहन्यात मुलांना धाक घालायचा एक ठरलेला शब्द आहे, 'आधारवाडी'. कल्याणचे जिल्हा कारागृह आधारवाडीला आहे, आमच्यापासून फार लांब नाही. "अभ्यास कर, नाहीतर आधारवाडीला जाशील," हे वाक्य आम्ही गल्लीत ऐकले, दुकानाच्या ओट्यावर ऐकले आणि खरे सांगायचे तर वर्गात स्वतःही बोललो. मुले हसायची, आम्हीही हसायचो. आता आम्ही ते बोलत नाही. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

२०२४ ची दिवाळी नुकतीच उरकली होती. मगरीबची नमाज झाली, चहाचे आधण ठेवले आणि दारावर थाप पडली. बाहेर आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची अम्मी उभी होती. हातात जेवणाचा डबा, भरलेला.

"टीचर, पोराला नेलं. कोणा बाईची चेन ओढली म्हणतात. ओढणारा दुसरा होता, हा गाडी चालवत होता."

आम्ही तिला आत घेतले, पाणी दिले. पण मनात एक शरमेची गोष्ट घडत होती. ज्या मुलाविषयी ती रडत होती त्याचा चेहरा आम्हाला चटकन आठवेना. वर्गात साठ-सत्तर मुले असतात, वर्षे भराभर जातात, ही सबब आम्ही मनातल्या मनात तयार करून ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेत कपाटातून जुना हजेरीपट काढला. कोरोनाच्या बंदीनंतर ऑक्टोबर २०२१ मध्ये शाळा उघडल्या, तेव्हा हा नववीत होता. आठवडाभर आला. मग रोजच्या रकान्यात गैरहजेरीची खूण. फेब्रुवारीत नावावरून लाल शाईची रेघ आणि पुढे दोन शब्द, 'सतत गैरहजर'. अक्षर आमचेच होते. त्या पाच महिन्यांत आम्ही त्याच्या घरी एकदाही गेलो नव्हतो.

मोहने हे कंपनीचे गाव. नॅशनल रेयॉन, म्हणजे आमची एनआरसी. भोंगा झाला की बायका पोळ्या लाटायला घेत, दुसरा भोंगा झाला की मुले शाळेला निघत. कोकणातून, घाटावरून, मराठवाड्यातून, उत्तर प्रदेशातून आलेली माणसे एका पाळीत काम करत आणि एका नळावर पाणी भरत. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनीला टाळे लागले. हजारो घरांचा पगार थांबला आणि कामगारांची देणी वर्षानुवर्षे अडकून पडली. या मुलाचे अब्बा त्यांतलेच. तेव्हा हा तीन वर्षांचा होता. अब्बांनी काही दिवस दुसऱ्याची रिक्षा चालवली, पुढे भिवंडीच्या एका गोदामात रात्रीची राखणदारी धरली. ज्या वयात मुलाला बापाचा डोळा लागतो, त्या वयात बाप रात्री कामावर आणि दिवसा झोपलेला. घरात मोबाईल एकच, तोही बापाबरोबर भिवंडीला. ऑनलाइन शाळेची दोन वर्षे त्या मुलाने कशी काढली असतील, हे आम्ही त्या वेळी विचारले नाही.

इथे आणखी एक कबुली द्यायला हवी. टोळी म्हटले की आमच्या भागातली बोटे एकाच दिशेला वळतात, आंबिवली स्टेशनाजवळच्या इराणी वस्तीकडे. सोनसाखळी चोरीच्या बातम्यांमुळे ती वस्ती महाराष्ट्रभर माहीत झाली आहे. आरोपी पकडायला गेलेल्या पोलिसांवर तिथे दगडफेक झाल्याच्या बातम्याही अनेकदा छापून आल्या आहेत. त्या बातम्या खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. गळ्यातली चेन हिसकताना रस्त्यावर फरफटत गेलेल्या बाईचे दुःख आम्हाला कमी लेखायचे नाही. पण त्याच वस्तीत चष्मे आणि खडे विकून पोट भरणारी घरे आहेत, दप्तर घेऊन शाळेला जाणारी मुले आहेत. त्यांनी पत्ता सांगितला की समोरच्याचा चेहरा बदलतो. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून कित्येक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. पत्ता ऐकून चेहरा बदलण्याची सवय मात्र आमच्यात राहिली. आम्ही तिकडे बोट दाखवून निश्चिंत होतो, आणि इकडे आमच्याच हजेरीपटातून एक नाव गळून टोळीच्या पटावर चढले.

या मुलाच्या निमित्ताने आम्ही मुंबईच्या टोळ्यांचा इतिहास पुन्हा वाचला. आजवर तो सिनेमातून पाहिला होता. शिक्षकाच्या नजरेने वाचला तेव्हा वेगळ्या गोष्टी दिसल्या.

सगळ्यात नावाजलेल्या टोळीचा म्होरक्या दाऊद हा हवालदाराचा मुलगा. बाप इब्राहीम कासकर मुंबई पोलिसांत, मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात खेड तालुक्यातले मुंबके. म्हणजे आपल्यासारखेच मराठी बोलणारे कोकणी मुसलमान घर. पोराने शाळा अर्ध्यात सोडलेली. त्याच्या समोरची दुसरी टोळी भायखळ्याची. रामा नाईक, बाबू रेशीम आणि अरुण गवळी यांची. गवळी हा गिरणी कामगाराचा मुलगा, दगडी चाळीत वाढलेला. एका घरात वर्दी, दुसऱ्या घरात गिरणीचा पास. दोन्ही घरांत कष्टाची भाकर होती. टोळीची मुले आभाळातून पडत नाहीत, ती आपल्यासारख्याच घरांतून जातात.

मग टोळीला पैसा आला कुठून? ज्या गोष्टीला मागणी आहे आणि कायद्याची बंदी आहे, तिच्यातून. दारूबंदीच्या काळात हातभट्टी आली आणि वरदराजन मुदलियारसारखे लोक मोठे झाले. सोन्यावर निर्बंध होते तोवर तस्करीत अमाप नफा होता. १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, मग टोळ्या खंडणी, जमीन आणि बांधकामाकडे जोमाने वळल्या. जुगाराचे तेच. आमच्याकडे पुष्कळांना 'कल्याण मटका' आपल्या कल्याण शहराचा वाटतो. ते नाव कल्याणजी भगत या माणसाचे आहे, त्याने १९६२ मध्ये वरळीत मटका सुरू केला. खेळणारा मात्र आमच्याकडच्या टपरीवरही होताच, आणि आठवड्याचा पगार तिथे उडवून घरी येणारे बापही आम्ही पाहिले आहेत.

माणसे आली कुठून, याचे उत्तर गिरणगावात आहे. टोळ्या संपाच्या आधीच होत्या. पण १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि त्यातले पुष्कळ जण गिरणीत परत गेलेच नाहीत. घराघरात तरुण मुले रिकामी बसली. टोळीला हमाल शोधायला लांब जावे लागले नाही. लालबाग-परळचे हे वाचताना आम्हाला एनआरसीच्या फाटकासमोर दुपारी रिकामे बसलेले बाप आठवले, आणि त्यांची पोरे आठवली.

आणखी एक गोष्ट वाचकांनी लक्षात घ्यावी. आज टोळ्यांना धर्माचे लेबल लावण्याची रीत पडली आहे. दाऊदच्या टोळीत छोटा राजन होता, सुनील सावंत होता. रामा नाईक एके काळी त्याच्याच बाजूचा होता. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली, त्यानंतर राजनच्या फुटीला धर्माचा रंग दिला गेला. भाड्याने घर शोधताना त्या एका नावाचा भार आम्ही सगळ्यांनी सोसला आहे. पण जिथे नफा होता तोवर कोणी कोणाचे नाव विचारले नव्हते.

आता आमच्या मुलाकडे येऊ. तो टोळीत 'सामील' कधी झाला, असे आम्ही त्याला पुढे विचारले तेव्हा त्याला उत्तर देता येईना. सामील व्हायचा दिवस नसतोच. टपरीवर एक मोठा मुलगा ओळखीचा झाला. त्याने वडापाव खिलवला, गाडीवर फिरवले. "तू गाडी चांगली चालवतोस," असे तो म्हणाला. मुलगा आम्हाला म्हणाला, "टीचर, मला कुणी पहिल्यांदा चांगला म्हटलं." हे ऐकून आम्ही खाली पाहिले. पुढे त्याने फोन घेऊन दिला, इफ्तारला हॉटेलात नेले, अम्मीच्या दवाखान्याच्या वेळी दोन हजार काढून दिले. त्यानंतर एक दिवस म्हणाला, "फक्त गाडी चालवायची. बाकी काही करायचं नाही."

'फक्त गाडी चालवायची' म्हणजे काय, हे प्रत्येक घरात मुलांना बसवून सांगायला हवे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून केलेली चोरी हा वेगळा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. कलम ११२ मध्ये 'किरकोळ संघटित गुन्हा' आहे. टोळीचा सदस्य म्हणून चोरी, हिसकाहिसकी, जुगार, तिकिटांचा काळाबाजार असे काही केले, तर किमान एक आणि कमाल सात वर्षे. मोठ्या टोळीशी नाव जोडले गेले तर कलम १११ आहे, आणि महाराष्ट्रात १९९९ चा मकोका आहे. मकोकामध्ये किमान पाच वर्षे शिक्षा, जामीन मिळणे अतिशय अवघड आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब न्यायालयात चालतो. चेन ओढणारा हात आणि गाडीच्या हँडलवरचा हात यांत कायदा फारसा फरक करत नाही.

आमचा मुलगा पकडला गेला तेव्हा त्याचे वय अठरा वर्षे चार महिने होते. पाच महिने आधी हेच घडले असते तर तो बाल न्याय मंडळापुढे गेला असता, तुरुंगात नव्हे. वयाचा प्रश्न आला की कायदा आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहतो. म्हणून घरोघरी एक विनंती. शाळा सोडली तरी दाखला नीट जपून ठेवा, आणि त्यावरची तारीख चुकली असेल तर वेळीच दुरुस्त करून घ्या. आमच्याकडे कित्येक मुलांचा जन्म प्रवेशाच्या सोयीसाठी १ जूनलाच झालेला असतो.

तो तुरुंगात गेला, आणि तिथे त्याची दुसरी भरती सुरू झाली.

हे आम्ही विचारपूर्वक लिहीत आहोत. रस्त्यावरची टोळी मुलाला गुन्ह्यापर्यंत नेते, पण टोळीचा पक्का माणूस पुष्कळदा आत घडतो. जगभर हेच झाले. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या ट्रेसी गावात तरुण गुन्हेगारांना सुधारण्यासाठी एक संस्था होती. १९५७ मध्ये तिथल्या मेक्सिकन मुलांनी इतर कैद्यांच्या मारापासून बचाव व्हावा म्हणून गट बांधला. तो पुढे 'मेक्सिकन माफिया' नावाने तुरुंगांवर आणि बाहेरच्या गल्ल्यांवर हुकूम चालवू लागला. ब्राझीलमध्ये २ ऑक्टोबर १९९२ ला साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात पोलीस घुसले आणि १११ कैदी मारले गेले. पुढच्याच वर्षी तौबाते इथल्या तुरुंगात कैद्यांनी हक्कांची भाषा बोलत एक संघटना काढली. २००६ च्या मे महिन्यात त्याच संघटनेने तुरुंगातून हुकूम सोडून साओ पावलोसारखे महानगर ठप्प केले. आपल्याकडे लॉरेन्स बिश्नोई वर्षानुवर्षे तुरुंगात आहे, तरी बाहेरच्या गुन्ह्यांत त्याच्या टोळीचे नाव येत राहते. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हाही आले. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण पकडल्या गेलेल्यांत विशीतली पोरे होती, हे आम्हा शिक्षकांना विसरता येत नाही.

आत असे का होते? भीतीमुळे आणि वाट पाहण्यामुळे. २०२२ च्या सरकारी आकड्यांप्रमाणे देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतली जवळजवळ ७६ टक्के कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्ध व्हायचा आहे अशी. चारांत तीन जण नुसते तारखेची वाट पाहत बसलेले. मुसलमानांचे प्रमाण लोकसंख्येपेक्षा जास्त. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या विजय राघवन आणि रोशनी नायर यांनी महाराष्ट्राच्या तुरुंगांतल्या तीनशेहून अधिक मुस्लीम कैद्यांशी बोलून अभ्यास केला होता. त्यांतल्या बहुतेकांचा संघटित टोळ्यांशी संबंध नाही, असे त्यात आढळले. म्हणजे आत जाताना बहुतेक जण टोळीचे नसतात. बाहेर येताना कोणाचे असतील, हा खरा प्रश्न आहे.

आमच्या मुलाने पहिल्या रात्रीची गोष्ट सांगितली. बराकीत उभे राहायलाही जागा नव्हती. एकाने विचारले, "कोणाचा माणूस?" हा म्हणाला, "कोणाचाच नाही." त्यावर सगळे हसले. झोपायला जागा मिळाली ती संडासाच्या दाराशी. दोन रात्रींनंतर एक जण आला, आपल्या बाजूला जागा करून दिली, चादर दिली, साबण दिला. "घरून मनीऑर्डर येईपर्यंत कँटीनचं माझ्याकडून घे," म्हणाला. इतके प्रेमाने त्या जागी दुसरे कोणी बोलले नव्हते. तिसऱ्या आठवड्यात त्याने हिशेब काढला. पैशांचा नव्हे. "सुटलास की एक पार्सल पोचवायचं आहे."

अम्मीची मनीऑर्डर उशिरा गेली होती. पैसे नव्हते हे एक कारण, आणि पाठवायची कशी हे कोणी सांगितले नव्हते हे दुसरे. मोहल्ल्यात कोणाला विचारायचे तर आधी मुलगा आत आहे हे सांगावे लागले असते. ती शरमेने गप्प राहिली, आणि तेवढ्या आठवड्यांत दुसऱ्या कोणीतरी तिच्या मुलाला साबण दिला.

तुरुंगाच्या मुलाकातीला आम्ही तिच्याबरोबर दोनदा गेलो. पहिल्या वेळी तो काही बोलला नाही. दुसऱ्या वेळी म्हणाला, "टीचर, तुम्ही आठवीत अर्जलेखन शिकवलं होतं ना, प्रति, विषय, महोदय, ते मला येतं." बराकीतल्या एका म्हाताऱ्याला वकील नव्हता. या मुलाने त्याच्यासाठी कागद मागून घेतला आणि मोफत वकिलासाठीचा अर्ज मराठीत लिहून दिला. म्हाताऱ्याला वकील मिळाला. मग दुसरा आला, तिसरा आला. कोणाला तारीख हवी, कोणाला औषध, कोणाला आईच्या मयताला जायची परवानगी. बराकीत त्याला 'अर्जवाला' म्हणू लागले. आता "कोणाचा माणूस" असे कोणी विचारीना, कारण त्याची गरज सगळ्यांना होती. अम्मीची मनीऑर्डर आली तेव्हा त्याने साबणाचे पैसे मोजून परत दिले. देणाऱ्याने घेतले, पण म्हणाला, "हिशेब असा मिटत नसतो."

उर्दू शाळेत मराठी कशाला, असे पालक आम्हाला विचारतात. यापुढे आम्ही ही गोष्ट सांगणार आहोत.

टोळी संरक्षण देते, या समजुतीविषयी दोन शब्द. दाऊदचा भाऊ साबीर १९८१ मध्ये प्रभादेवीत मारला गेला. त्या खुनातला अमीरजादा १९८३ मध्ये भर न्यायालयात मारला गेला. बाबू रेशीमला १९८७ मध्ये सात रस्त्याच्या पोलीस कोठडीत घुसून मारले. रामा नाईक १९८८ मध्ये चकमकीत गेला. गवळीचा भाऊ १९९० मध्ये मारला गेला, दाऊदचा मेहुणा १९९२ मध्ये. त्याचा बदला म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये जे. जे. रुग्णालयात गोळीबार झाला. अबू सालेमवर आर्थर रोड तुरुंगात २०१० मध्ये आणि तळोज्यात २०१३ मध्ये हल्ला झाला. आमदार झालेल्या गवळीला २०१२ मध्ये जन्मठेप लागली. मुंबके गावातले कासकरांचे घर २०२० मध्ये सरकारने लिलावात विकले. म्होरक्यांना भाऊ वाचवता आले नाहीत, मेहुणा वाचवता आला नाही, गावचे घर राखता आले नाही. गाडी चालवणाऱ्या पोराला कोण वाचवणार?

सात महिन्यांनी जामीन मंजूर झाला. मंजूर झाला म्हणजे सुटला असे नव्हे, जामीनदार लागतो. आम्ही मोहल्ल्यात चार दारे वाजवली. इथे रमजानमध्ये इफ्तारीची ताटे एकमेकांकडे जातात, पण या कागदावर सही करायला कोणी तयार होईना. कोणाच्या मुलीचे लग्न ठरायचे होते, कोणाचे कर्ज मंजूर व्हायचे होते. आम्ही त्यांना दोष देत नाही. शेवटी अब्बांचे कंपनीतले जुने सोबती, गळ्यात माळ घालणारे एक काका, घराची कागदपत्रे घेऊन आले. "बारा वर्षं एका मशीनवर होतो आम्ही," एवढेच म्हणाले.

सुटकेच्या दिवशी अम्मी, ते काका आणि आम्ही दुपारी चारपासून फाटकाबाहेर उभे होतो. रस्त्यापलीकडे एका गाडीवर दोन पोरे बसली होती. त्यांनी अम्मीला सलाम केला. "खाला, तुम्ही कशाला उन्हात आलात? आम्ही आणून सोडलं असतं."

अम्मी म्हणाली, "त्याची माणसं आली आहेत."

दिवेलागणीला तो बाहेर आला. हातात प्लास्टिकची पिशवी. त्याने आधी गाडीकडे पाहिले, मग आमच्याकडे. गाडीवरचा एक जण पुढे झाला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून काही बोलला, हातात चिठ्ठी दिली. ते काही क्षण फार लांबले. मग तो आमच्याकडे आला आणि रिक्षात अम्मीच्या शेजारी बसला. चिठ्ठी मुठीतच होती. आम्ही विचारले नाही.

आम्ही त्या दिवशी गेलो नसतो तर? अम्मीला उशीर झाला असता तर? रिक्षात बसल्यावर आमच्या मनात दुसरे काही येत नव्हते. टोळीकडे तारखांची नोंद असते. कोण कधी सुटणार हे तिला माहीत असते, आणि ती वेळेवर येते. घर, शाळा, जमात यांच्याकडे ती नोंद असते का?

खटला अजून चालू आहे. आज हा मुलगा सरकारी कचेरीबाहेर अर्ज लिहून देणाऱ्या एका गृहस्थाकडे बसतो. त्याआधी पाच ठिकाणी पोलीस पडताळणीचे कारण सांगून त्याला परत पाठवले. मिळकत थोडी आहे. मध्यंतरी म्हणाला, "टीचर, तो नंबर मी फाडला नाही. पण लावलाही नाही." आम्ही त्यावर शाबासकी दिली नाही आणि रागावलोही नाही. जेवून जा म्हटले.

ज्यांच्या घरावर अशी वेळ येईल त्यांच्यासाठी आम्ही शिकलो ते लिहितो. अटकेनंतर २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करणे बंधनकारक आहे, त्या वेळी घरचे कोणी तिथे असू द्या. कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. जन्मठेपेच्या किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून जास्त खटले चालू असतील तरी नाही. आणि मनीऑर्डर पहिल्या आठवड्यातच पाठवा, शंभर-दोनशे का होईना. शरमेने गप्प बसू नका. चोरी केली असेल तर शिक्षा होऊ द्या. पण शिक्षा भोगणाऱ्याचे घर सुटू देऊ नका.

आणि आमच्यापुरते आम्ही ठरवले आहे. आमच्या वर्गात कोणी सलग तीन दिवस आले नाही की शाळा सुटल्यावर घरी जायचे. गेल्या वर्षात आम्ही अशी अनेक घरे पाहिली. कुठे ताप असतो, कुठे लग्न, कुठे मुलगा गॅरेजवर कामाला लावलेला. दोघे परत वर्गात आले. एक आला नाही, पण तो कुठे आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

परवा नववीत एक नाव पुकारले, उत्तर आले नाही. काल आले नाही, आजही आले नाही. हा लेख संपवून आता तिकडेच निघालो आहोत.